शून्य रुपयांची पावती

फुकट या शब्दाविषयी मराठी मनुष्याची वृत्ती मोठी चमत्कारिक आहे. मेथीच्या जुडीबरोबर चार मिरच्या आणि कढीलिंबाची एक काडी वर फुकट मिळाली नाही, तर जो गृहस्थ मंडईतून अपमानित मुद्रेने परततो, तोच गृहस्थ, कोणी एखादी अख्खी वस्तू काही न घेता हातावर ठेवू लागला, की दोन पावले मागे सरकतो आणि देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. मिरच्या फुकट मिळणे हा त्याचा हक्क असतो. वस्तू फुकट मिळणे हे मात्र कारस्थान असते. 'फुकट ते पौष्टिक' असे तो पंगतीत हसत म्हणतो खरा; परंतु सरकारी दवाखान्यातील मोफत गोळी घशाखाली उतरताना तिच्या गुणाविषयी त्याची खात्री नसते, आणि तीच गोळी दुकानातून पैसे मोजून आणली, म्हणजे दुकानाच्या पायरीवरच त्याला बरे वाटू लागते.

मी या वृत्तीला अपवाद नाही, हे आरंभीच कबूल करतो. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झाल्यावर साताऱ्यातील ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत मी बिऱ्हाड केले, तिचे मानद चिटणीसपद, इतर कोणी सभेस हजर नसल्यामुळे, एकमताने माझ्या गळ्यात पडले. आणि त्या पदाबरोबर एक संगणक, एक प्रिंटर आणि थकबाकीदारांची एक यादी असा तिहेरी वारसा माझ्याकडे आला. संगणकाची व्यवस्था पाहण्यासाठी एक मुलगा येत असे. त्याने पहिल्याच दिवशी तासभर खटपट करून, "काका, सगळं टाकून दिलंय," असे मला सांगितले. या 'सगळं' शब्दाच्या पोटात किती ऐवज होता, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. यंत्र चालविणारी मूळ प्रणाली, पत्रे लिहिण्याचे साधन, हिशोबाचे तक्ते, छायाचित्रे उजळण्याची कारागिरी, असा हजारो रुपयांचा माल त्याने माझ्या पदरात घातला होता. मजुरी म्हणून त्याने तीनशे रुपये मागितले, आणि मी घासाघीस करून अडीचशे दिले.

आता विचार करावा. ज्या मी नोकरीच्या उभ्या काळात सरकारी टाचणीसुद्धा घरी आणली नाही, आणि एस.टी.च्या वाहकाने चुकून जास्त दिलेले आठ आणे जो मी दुसऱ्या दिवशी त्याला शोधून परत केले, त्या मी चोरीचा माल तर घेतलाच. वर त्याच्या हमालीत पन्नास रुपये कमी केले! पुढे पडद्याच्या कोपऱ्यात, आपली प्रत अस्सल नसावी, असा एक सौम्य मजकूर अधूनमधून उमटू लागला. संस्थेच्या थकबाकीच्या नोटिशीकडे सभासद ज्या प्रसन्न अलिप्ततेने पाहतात, तिचा अर्थ मला तेव्हा प्रथमच कळला. कारण पंधरा वर्षे मी त्या मजकुराकडे तसेच पाहत होतो.

मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कोणालाही उघडून पाहता, बदलता आणि वाटता येणाऱ्या प्रणालींचा, प्रचार आपल्याकडे का फळत नाही, याचे मर्म माझ्या मते येथेच आहे. इतरत्र त्याची स्पर्धा विकतच्या मालाशी असते. आपल्याकडे ती चोरीच्या मालाशी आहे. ज्याने पैसे मोजलेले असतात, त्याला 'हे मोफत आहे' असे सांगितले, की तो वाचणाऱ्या पैशांची बेरीज करतो. आम्हांस तेच सांगितले, की आम्ही निरागसपणे विचारतो, "मग आत्ताचं कुठे विकत घेतलंय?"

या समाधानी अवस्थेत माझे उरलेले आयुष्यही गेले असते. परंतु यंत्र मंदावले. कळ दाबून मी स्नानास जावे, पूजा आटोपावी, आणि परत येऊन पाहावे तो पडद्यावरील चक्र फिरतेच असावे, अशी स्थिती आली. दुकानदार म्हणाला, "काका, ह्याचा सपोर्ट संपला. नवी सिस्टिम ह्या मशीनवर चढत नाही. दुसरं घ्या." यंत्रात बिघाड कोणता, असे विचारता, "बिघाड तसा काहीच नाही," असे त्याने प्रांजळपणे सांगितले. निर्दोष मनुष्याला सक्तीने निवृत्त केल्याची प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली होती. निर्दोष यंत्राचे प्रकरण हे पहिलेच.

त्याच सुमारास माझी भाची पुण्याहून आली. ती संगणकाच्याच धंद्यात आहे. तिने यंत्र उघडून पाहिले, कोपऱ्यातला तो मजकूरही वाचला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, न वाचता कुठे सही करू नये, असं तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात ना?"

"अर्थात!"

"मग ह्या सिस्टिमच्या कराराखाली पंधरा वर्षांत किती वेळा 'मान्य' दाबलंत?"

घाव वर्मी लागला. सातबाराच्या उताऱ्यावरील इतर हक्काच्या रकान्यातील पुसट पेन्सिलीची नोंदही ज्याच्या नजरेतून सुटली नाही, त्याने एक संपूर्ण करारनामा न वाचता शेकडो वेळा मान्य करावा! त्या रात्री मी चष्मा पुसून तो दस्तऐवज वाचावयास बसलो. मोडीतील इनामपत्रे उलगडलेल्या मनुष्यास कोणत्याही भाषेतील पल्लेदार वाक्याची भीती वाटत नाही. दुसऱ्या रात्री वाचन संपले आणि निष्कर्ष हाती आला, तो असा, की ज्यांनी रोख पैसे मोजून तो माल घेतला, त्यांनाही काहीएक विकण्यात आलेले नव्हते. वापराची केवळ परवानगी दिलेली होती. आत काय आहे ते उघडून पाहावयाचे नाही, त्यात फेरफार करावयाचा नाही, शेजाऱ्यास द्यावयाचे नाही, आणि अटींचा भंग झाल्यास परवानगी संपली. आमच्या खात्याच्या भाषेत सांगावयाचे, तर पैसे देणारा गिऱ्हाईक मालक नव्हताच. तो कूळ होता. मी तर तेही नव्हतो. माझी नोंद 'अतिक्रमण' या सदराखाली झाली असती.

सकाळी चहा घेताना मी भाचीस कूळकायदा समजावून सांगितला. १९४८ साली मुंबई इलाख्यात तो कसा आला, पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक कसे मानले गेले, हे सारे सांगून मी खेदाने म्हणालो, "संगणकाच्या मुलखात तो १ एप्रिल अजून उजाडायचाय."

"तो केव्हाच उजाडलाय, मामा," ती म्हणाली. "तुमच्यापर्यंत दवंडी पोचली नाही."

दवंडी पिटली गेली ती २७ सप्टेंबर १९८३ रोजी, अमेरिकेत. आणि तिचे मूळ कारण, ऐकून मला अत्यंत आपुलकी वाटली, एक प्रिंटर होता. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतील प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. तेथे भेट म्हणून आलेल्या एका नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकत असे, आणि दुसऱ्या मजल्यावर छपाईची वाट पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही नसे. कागद अडकल्याबरोबर सर्वांना वर्दी मिळावी, एवढी सुधारणा करण्याची त्यांची तयारी होती. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत त्यांनी ती केलीही होती. परंतु नव्याची मूळ आज्ञावली, म्हणजे तंत्रज्ञ जिला सोर्स कोड म्हणतात ती, त्यांस मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या एका माणसाकडे ती होती, त्याने, कोणाला न देण्याचे वचन दिले असल्याचे सांगून नकार दिला. अडकलेल्या कागदावरून संतापलेले अधिकारी मी आमच्या कचेरीतही पाहिले आहेत. ते शिपायाला हाक मारीत आणि चहा सांगत. स्टॉलमन यांनी निराळेच केले. कोणालाही उघडून पाहता येईल, अशी अथपासून इतिपर्यंत स्वतंत्र प्रणाली निर्माण करण्याचा संकल्प त्यांनी जाहीर केला आणि तिचे नाव 'ग्नू' ठेवले. १९८५ साली संस्था स्थापन झाली, १९८९ साली परवाना सिद्ध झाला.

तो परवाना मी वाचला, आणि जन्मात प्रथमच एखाद्या परवान्याच्या प्रेमात पडलो. परवाना कसला, ती सनद आहे. तिच्यामागे चार स्वातंत्र्ये आहेत: हव्या त्या कामासाठी चालविण्याचे, आतील रचना अभ्यासून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे, आणि सुधारलेल्या प्रतीही वाटण्याचे. या मंडळींनी ती मोजताना आरंभ शून्यापासून केला आहे. म्हणजे चौथ्या स्वातंत्र्याचा क्रमांक तीन. हे पाहून भाचीला हसू आले नाही, मला आले. परंतु सनदेतील खरी मख्खी पुढेच आहे. जो कोणी हा माल घेऊन, त्यात भर घालून, पुढे देईल, त्याने हीच स्वातंत्र्ये पुढच्यास दिली पाहिजेत. मधल्या मध्ये कोणी कुंपण घालावयाचे नाही. स्वामित्वहक्काच्या कायद्याचाच आधार घेऊन स्वामित्वाच्या मक्तेदारीस असा पायबंद घातलेला पाहून, ज्या मी कायद्यातील पळवाटा शोधणाऱ्यांचे अर्ज आयुष्यभर निकालात काढले, त्या मी हात जोडले.

इंग्रजीत मुक्त आणि मोफत या दोहोंना एकच शब्द आहे. त्यामुळे, आम्ही किमतीविषयी नव्हे तर स्वातंत्र्याविषयी बोलत आहोत, हे समजावण्यात या चळवळीची चाळीस वर्षे खर्ची पडली. आपल्या भाषेने दोन स्वतंत्र शब्द देऊन हा घोटाळा मुळातच टाळलेला आहे. परंतु आपण मुक्त म्हटले की मोफत ऐकतो, आणि मोफत ऐकले की निकृष्ट समजतो, म्हणून भाषेचे ते सारे श्रम वाया जातात.

ग्नूच्या घरात सारे साहित्य जमत आले, तरी ज्यावर डोलारा उभा राहावयाचा तो गाभा काही तयार होईना. तो भलत्याच ठिकाणाहून आला. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले, की आपण एक प्रणाली करीत आहो, ती केवळ हौस म्हणून, आणि ती काही फार मोठी होणार नाही. आपल्याकडे मंडळ स्थापन होते, तेव्हा पहिल्या निमंत्रणपत्रिकेतच 'अखिल भारतीय' हे विशेषण छापलेले असते, आणि दुसऱ्या वर्षी वर्गणीच्या हिशोबावरून मंडळ आळीतल्या आळीत विसर्जित होते. फार मोठी न होणारी ती लिनक्स प्रणाली मात्र आज जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांपैकी पाचशेच्या पाचशे चालविते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीत दुसऱ्या कोणास जागा मिळालेली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मामलेदार राहतात. "असल्या बेवारशी सिस्टिमवर माझा काडीचा विश्वास नाही," असे त्यांनी मला दूरध्वनीवरून ठणकावून सांगितले. भाचीने पलीकडून नम्रपणे सांगितले, की साहेब ज्या अँड्रॉइड दूरध्वनीवरून बोलत आहेत, त्याचा गाभा लिनक्सच आहे. काही क्षण शांतता पसरली. ज्याला इतके दिवस गडी समजून हाका मारल्या, तो मेव्हणा निघावा, तशी ती शांतता होती.

जुन्या प्रणालीकडून मुक्त प्रणालीकडे पालट कसा करावा, याची भाचीने सांगितलेली रीत मला शहाणपणाची वाटली. घर एकदम बदलू नये. आधी आचारी बदलावा. म्हणजे जुन्याच प्रणालीवर प्रथम फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी ही तीन मुक्त साधने आणावीत आणि महिनाभर त्यांच्या हातचे जेवावे. पैकी व्हीएलसी तर आमच्या गृहस्वामिनीच्या परिचयाचे निघाले. रस्त्यातल्या नारिंगी शंकूचे चित्र असलेल्या त्या कळीवर ती कीर्तने ऐकत असे. पॅरिसजवळच्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या उद्योगातून ते जन्मास आले, हे कळल्यावर, "पोरं गुणी आहेत," एवढाच शेरा तिने मारला. त्यानंतर नवी प्रणाली पेनड्राइव्हवर घालून, यंत्रातील एका अक्षरासही धक्का न लावता, तीवरूनच संगणक चालवून पाहावा. पोहे खाऊन, 'कळवतो' असे म्हणून परत येण्याची मुभा ज्या थोड्या व्यवहारांत आहे, त्यांत हा एक होय. सगळे पसंत पडले, की जुन्या फायलींची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवून मग कायमचा गृहप्रवेश.

लिनक्सवर उभारलेली स्थळे मात्र पुष्कळ. आपल्या सी-डॅकने केलेल्या प्रणालीचे नाव 'बॉस' आहे. देशी वस्तू म्हणून मला तिचा अभिमान वाटला. परंतु ज्या पदनामापासून सुटका व्हावी म्हणून मी चौतीस वर्षे निवृत्तीचे दिवस मोजले, ते रोज सकाळी पडद्यावर पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. शेवटी 'मिंट' पसंत केली. मिंट म्हणजे पुदिना, हे समजल्यावर स्वयंपाकघरातूनही हरकत आली नाही. मी तिची वंशावळ तपासली: मिंट ही उबुंटूची कन्या, उबुंटू ही डेबियनची, आणि डेबियन हे नाव १९९३ साली इयान मरडॉक यांनी डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे व स्वतःचे नाव जोडून ठेवलेले. वारसनोंद इतकी निर्वेध असलेले प्रकरण माझ्या हाताखालून क्वचितच गेले असेल. लिनक्सचे बोधचिन्ह म्हणून मिरवणारा पेंग्विन पाहून पत्नीने, "हा राणीच्या बागेतला ना?" असे विचारले. वंशावळीत तशी नोंद नसल्याने मी उत्तर दिले नाही.

पंधरा मिनिटांत ती पुदिन्याची जुडी यंत्रात रुजली, आणि निवृत्त ठरविलेले ते यंत्र मी स्नानास निघण्यापूर्वीच कामावर हजर होऊ लागले. मराठीचा प्रश्नही सुटला. इनस्क्रिप्टचा कळफलक आत होताच. लोहित नावाची सुबक मुक्त अक्षरेही होती. पूर्वीची संस्थेची इतिवृत्ते अशा एका फाँटात लिहिलेली होती, की तो फाँट नसलेल्या संगणकावर वार्षिक सभेचा वृत्तांत मंत्रतंत्राच्या पोथीसारखा दिसे. अध्यक्षांचे नाव प्रश्नचिन्हे आणि टिंबे यांच्या मांडणीत हरवून जाई. भाचीने रूपांतर करून ती युनिकोडमध्ये आणली. काही ठिकाणी 'क्ष'चे भलतेच झाले होते. परंतु त्यामुळे इतिवृत्ताच्या अर्थात फारसा फरक पडल्याची तक्रार कोणी केली नाही.

सारे सुखाचेच झाले, असे म्हणेन तर ते खोटे होईल. काही व्यापारी हिशोबाची पॅकेजे येथे चालत नाहीत. दुसऱ्याने पाठविलेल्या तक्त्यातील रकाने कधीकधी कवायतीतून फुटलेल्या पोरांसारखे इकडेतिकडे होतात. आणि ज्याच्या कुळातील एकामुळे ही सारी क्रांती घडली, तो प्रिंटर तीन दिवस रुसून बसला. जगभरच्या स्वयंसेवकांना विचारावे, असा सल्ला मिळाला. मी मायना, विषय, संदर्भ आणि सात परिच्छेद असलेला रीतसर अर्ज लिहिला. कोण्या दूरदेशीच्या सद्गृहस्थाने रात्री दोन वाजता उत्तर पाठविले: 'हे आधी वाचा', आणि खाली एक दुवा. माझ्या नोकरीच्या काळात मी अर्जदारांना नेमके हेच उत्तर देत असे. फक्त त्याला मला सहा आठवडे लागत. वाचले, तसे केले, आणि प्रिंटर चालू झाला.

वार्षिक सभेत मामलेदारसाहेबांनी अखेरचा बाण सोडला. "कंपनीच नाही म्हणता, तर बिघडल्यावर भांडायचं कोणाशी?" सभागृहात सहानुभूतीची लाट उसळली; कारण भांडावयास कोणी नसणे, ही आमच्या संस्थेत गैरसोय नव्हे, आपत्ती मानली जाते. "आणि गेली पंधरा वर्षं आपण कोणाशी भांडलो?" असे मी विचारले. चोरीचा माल बिघडला म्हणून मूळ मालकाकडे तक्रार घेऊन जाण्याची सोय कोणत्याही राज्यात नाही, हे सर्वांच्या हळूहळू ध्यानात आले, आणि नव्या प्रणालीचा ठराव चहाच्या आधी मंजूर झाला.

खरी परीक्षा पुढेच होती. लेखापरीक्षक आले. पंधरा वर्षे त्यांनी आमची वह्यापुस्तके तपासली होती. त्यांत सॉफ्टवेअर या सदराखाली एकही रक्कम खर्ची पडलेली नव्हती, आणि त्याविषयी त्यांनी एकही शेरा मारलेला नव्हता. या वर्षी मी प्रथमच, प्रामाणिकपणाच्या भरात, नोंद केली: 'संगणक प्रणाली व कार्यालयीन साधने, रुपये ०.' त्यांचे बोट त्या ओळीवर थांबले.

"याची पावती?"

"साहेब, रक्कम शून्य आहे."

"ते दिसतंय. नोंद आहे, त्याअर्थी व्यवहार आहे. व्यवहार आहे, त्याअर्थी व्हाउचर हवं."

मी तो परवाना छापून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पाने चाळली, शिक्का शोधला, सही शोधली, आणि देणाराचे नाव व पत्ता या जागी हजारो लोक आहेत असे कळल्यावर कपाळास हात लावला. आक्षेप क्रमांक एक म्हणून तो शेरा अहवालात कायम झाला. चोरीचे त्यांना काही दिसले नव्हते. दान तेवढे त्यांच्या डोळ्यांवर आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लेखापरीक्षकांचा राग आला म्हणून नव्हे. पंधरा वर्षांपूर्वी कमी केलेले ते पन्नास रुपये आठवले म्हणून. सकाळी मी भाचीस दूरध्वनी केला, आणि लिब्रेऑफिसचा सांभाळ करणाऱ्या बर्लिनच्या प्रतिष्ठानास माझ्या वतीने देणगी पाठविण्यास सांगितले. "मामा, सक्ती नाहीये हं, ते मोफत आहे," असे तिने पुन्हा एकदा बजावले. मी म्हणालो, "म्हणूनच."

पावती आली. तिच्यावर क्रमांक आहे, तारीख आहे, माझे नाव आहे. ज्या मालाची किंमत होती, तो पंधरा वर्षे फुकट वापरला. आणि जो फुकट होता, त्याची किंमत आपल्या खुशीने दिली. ती पावती मी संस्थेच्या फायलीत लावलेली नाही, कारण ती लेखापरीक्षकांसाठी नाही. ती देवघराच्या खालच्या खणात, निवृत्तीच्या आदेशाशेजारी, घडी घालून ठेवली आहे.